दुधाचे दात पडेपर्यंत

निवाचीवाडी, ता. माणगाव
१२ जानेवारी २०२५

कु. पूनम यांस,
अनेक आशीर्वाद.

रायगडच्या बोलींच्या अभ्यासासाठी तुम्ही गावोगाव फिरवलेली प्रश्नावली मला मिळाली. भरून सोबत धाडतो आहे. चौसष्ट चित्रं, चौसष्ट चौकटी. चित्र बघताच जो शब्द पहिल्यांदा तोंडात येईल तोच लिहा, विचार करू नका, अशी तुमची सूचना. मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना नेमकं याच्या उलट सांगत आलो. त्यामुळे हात सुरुवातीला अडखळला, मग मात्र सुटला. एकही चौकट मोकळी सोडलेली नाही. कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्याला मी कधी सोडलं नाही, तर स्वतःला कसं सोडू?

फोन नंबर मागितला आहे, तो देत नाही. माझ्या कानातलं यंत्र आणि फोन यांचं पटत नाही, दोघे मिळून शिट्टी वाजवतात. काही विचारायचं असल्यास पत्र लिहा. पत्राला पत्राने उत्तर देणारा माणूस तुम्हाला या तालुक्यात दुसरा मिळायचा नाही.

माझी माहिती. नाव बाळाराम, वय सत्त्याहत्तर. गावात गुरुजी म्हणतात. जन्म, बालपण, शाळा, नोकरी, सगळं याच पंचक्रोशीत. घराणं भाताच्या शेतीचं, सात पिढ्यांचं. मुलगा सुजित कारखान्यात आहे, सून कल्पिता अंगणवाडीत. समुद्र आम्हाला लांब. मला तो भेटला कवितेच्या पुस्तकात, आणि तिथेच पुरेसा भेटला. कवितेच्या तासाला मी खिडक्या लावून घेत असे, म्हणजे चाल बाहेर सांडणार नाही. मुलं हसत. त्यांतली काही आता आजोबा झाली आहेत आणि अजून त्याच चालीत म्हणतात.

एक कबुली. माझ्या वर्गात जो ‘न्हाय’ म्हणे, त्याला मी पाटीवर दहा वेळा ‘नाही’ लिहायला लावत असे. आता तुम्ही तेच ‘न्हाय’ गोळा करत हिंडता, हे वाचून गंमत वाटली आणि थोडी टोचणीही लागली.

कळावे.
बाळाराम गुरुजी

*

पनवेल
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजी,
नमस्कार.

तुमचं अक्षर बघून माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रश्नावली भिंतीवर लावायला मागितली. ‘नाही’ दहा वेळा लिहिणाऱ्यांत मीही होते, आमच्या शाळेत. आमचं घर मूळचं माणगावजवळचं. आई अजून ‘न्हाय’ म्हणते, मी ‘नाही’ म्हणते, आणि आम्ही भांडलो की दोघी ‘न्हाय’वर येतो.

एका गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून विचारते. निवाचीवाडीतून मी पाच जणांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. शेतीचे शब्द पाचांचेही सारखे आहेत. राब, आवण, खाचर, उडवी. पण शेवटची पंधरा चित्रं समुद्राची आहेत. ती किनाऱ्यावरच्या गावांसाठी होती, तुमच्याकडे चुकून तीच प्रत आली. बाकी चौघांनी त्या चौकटींत रेघ ओढली. तुम्ही पंधराही भरल्या आहेत.

ओहोटीला ‘सुकती’. होडीला ‘होरी’. मासळीला ‘म्हावरा’. तेवढंच असतं तर विचारलं नसतं. पण चित्र अकरामध्ये मूल हात पसरून काही मागतं आहे, तिथे तुम्ही ‘मना दे’ लिहिलंय. चित्र चौदामध्ये मूल आपटलंय, तिथे ‘परला’. आणि चित्र एकमध्ये, आईच्या चित्राखाली, ‘आये’ लिहिलंय, पण त्याच्या आधी काहीतरी लिहून खोडलंय. उजेडात धरलं तर ‘बय’ दिसतं.

लहानपणी किनाऱ्यावर कुणा नातेवाइकांकडे राहिला होतात का? नोंदीत तेवढं एक वाक्य घालावं लागेल.

आपली
पूनम

*

निवाचीवाडी
९ फेब्रुवारी २०२५

कु. पूनम यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून तीनदा ओटीवरून विहिरीपर्यंत जाऊन आलो. सून विचारते, काही हरवलं का?

उलगडा सोपा आहे. आमच्या लहानपणी दर फाल्गुनात किनाऱ्यावरच्या कोळणी सुकं म्हावरं, म्हणजे सुकी मासळी, घेऊन रोह्यावरून इकडे येत. भात घेत, सुकं देत. आमच्या ओटीवर चार-चार दिवस मुक्काम असे. लहान मुलाचे कान म्हणजे टीपकागद. टिपले असतील काही शब्द. त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे?

खोडलेला शब्द उजेडात धरून वाचणं मला आवडलं नाही. मुलाने खोडलं, तर ते त्याचं खोडलेलं असतं. मी शिक्षक असताना हा नियम पाळला.

माझी प्रश्नावली तुमच्या गठ्ठ्यातून काढून टाकावी आणि फाडावी. निवाचीवाडीचा नमुना म्हणून चौघे पुरे आहेत.

बाळाराम गुरुजी

*

पनवेल
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजी,

खोडलेलं वाचलं, याबद्दल माफी मागते. तुमचा नियम बरोबर आहे.

प्रश्नावली गठ्ठ्यातून काढली आहे. फाडली मात्र नाही. का, ते सांगते.

ओटीवर आलेल्या माणसाकडून मूल शब्द उचलतं ते मालाचे. मासळीचं नाव, टोपलीचं नाव, फार तर एखादी शिवी. आपटल्यावर काय म्हणायचं, भूक लागली की काय मागायचं, हे ते पाहुण्याकडून घेत नाही. ते ज्या घरात आपटतं, त्या घरातून घेतं. माझा सगळा अभ्यास या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून इतकं ठामपणे लिहिते.

दुसरी गोष्ट. चित्र साठ आठवतं? लाट मागे गेल्यावर वाळूवर राहतो तो फेस. सगळ्या किनाऱ्यावर त्याला फेसच म्हणतात, थोडाफार फरक करून. तुम्ही लिहिलंय ‘ताक’.

माझ्या गठ्ठ्यात ‘ताक’ आणखी एकाच प्रश्नावलीत आहे. काशीदच्या जवळ खाडीच्या तोंडाशी बंदरपाडा म्हणून तीस-चाळीस घरं आहेत, तिथली एक चौऱ्याऐंशी वर्षांची आजी. तिला लिहिता येत नाही, तिच्या नातीने लिहिलं. मी समोर बसले होते. आजी म्हणाली, “ताक फकस्त आमच्या घरान म्हनत. आमच्या भिकूनी काढलेला शबुद तो.” भिकू कोण, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “व्हता एक. ज्यांचा व्हता त्यांनी नेला.” आणि मला चहा घ्यायला लावला.

तिचं नाव मी तिच्या परवानगीशिवाय सांगू शकत नाही. तुमचं तिला सांगितलेलं नाही, तुम्ही सांगेपर्यंत सांगणारही नाही. पण माहीत असून तुम्हाला न कळवणं मला जमलं नाही.

पूनम

*

निवाचीवाडी
३० मार्च २०२५

पूनम,

पाच आठवडे झाले. या मधल्या काळात मी तुला सहा पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. ‘तुम्ही’ सुटलं आहे, माफ कर. जे सांगायचं आहे ते ‘तुम्ही’ला सांगता येत नाही.

तिचं नाव काशी. ते तू सांगायची गरज नाही.

आमच्याकडे एक रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरात नवीन मूल झालं की ते बाराव्या दिवशी परक्या बाईला विकायचं. तिच्या टोपलीत ठेवायचं, तिने चार पावलं चालायची, मग सूपभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं. म्हणजे जो न्यायला टपलेला आहे त्याची फसगत होते. हे मूल यांचं नव्हेच, म्हणून तो निघून जातो. गावोगावचे भिकू, धोंडू, कोंडू हे असे. सगळा खेळ अर्ध्या तासाचा.

माझ्या आधी तीन गेली होती, तिन्ही पहिला दात येण्याआधी. माझ्या बाराव्या दिवशी ओटीवर धोंडूबाई उतरलेली होती, सुकं घेऊन. तिचं तान्हं त्याच महिन्यात गेलं होतं. मला तिच्या पाटीत ठेवलं, ती चार पावलं गेली. माझ्या आईने सूप पुढे केलं नाही. म्हणाली, “घेऊन जा. ह्याचं दुधाचं दात पडंस्तोवर आणू नको.” आईच्या हट्टापुढे वडिलांचं चाललं नाही. बारा दिवसांचा मी म्हावऱ्याच्या पाटीतून बंदरपाड्याला गेलो.

सहा वर्षं. धोंडूबाई माझी बय, काशी माझी थोरली बहीण. मी तिच्या कमरेवर वाढलो. तिला काशीताई म्हणायचं नसे, नुसतं काशी. दर्या दारात. मुलांना मी समुद्राची कविता शिकवायचो, तेव्हा खिडक्या का लावत होतो, ते आता तुला सांगायला नको. चाल बाहेर जाऊ नये म्हणून नव्हे. मला आत काहीतरी कोंडून ठेवायचं होतं.

पहिला दात पडला त्या आठवड्यात वडील आले. बयने मला न्हाऊमाखू घातलं. वाटेत वडिलांनी सांगितलं, तुझं नाव बाळाराम. इथे आल्यावर मी तोंड उघडलं की वाडीतली पोरं लोळत. ‘म्हावरावाला’ म्हणत. वर्षभर मी बोललोच जवळजवळ नाही. मग मास्तरांनी कविता दिली. कवितेत कुणाचीच बोली नव्हती, ना यांची, ना त्यांची. मी तिच्यात जाऊन राहिलो.

आता खरं ते. चौथीत होतो. दीपोटी म्हणजे तपासणीचे साहेब आले होते, आणि मी उभा राहून पाठ म्हणत होतो. कविता समुद्राचीच होती, बघ. तिसऱ्या कडव्याला दारात सावली पडली. पाटी डोक्यावर, लुगडं गुडघ्यापर्यंत. “भिकू,” बयने हाक मारली. “केवरा वारलास रं.” ‘वाढलास’चं ‘वारलास’ ऐकून वर्ग फुटला. मास्तरांनी विचारलं, “कोण रे ही?”

मी म्हणालो, “मी या बाईंना ओळखत नाही.”

शुद्ध बोललो. ‘ळ’ जागच्या जागी. आणि पुढची दोन कडवी एकही चूक न करता म्हटली. साहेबांनी पाठ थोपटली. ती थाप कवितेसाठी होती. त्या वयात मला वाटलं उत्तरासाठी.

मी मान वर केली तेव्हा दार मोकळं होतं.

बायकोला हे सांगितलं नाही, ती गेली. मुलाला माहीत नाही. तुझ्या प्रश्नावलीला मी एका दुपारी बसलो आणि तुझी ती सूचना पाळली, विचार न करता लिहिलं. अडतीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या आणि स्वतःच्या पंधरा चौकटी वाचून बघितल्या नाहीत.

काशी माझ्याबद्दल आणखी काय बोलली? बसवत नाही. जेवताना उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. सूनबाई साखर तपासून घेऊ म्हणते. माझं वय बघ, तिचं बघ. उद्याचा भरवसा कुणाला. तिला माझं पत्र पोचवशील का?

बाळाराम

*

पनवेल
६ एप्रिल २०२५

गुरुजी,

पत्र वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता दाखवलं, रागवा हवं तर. ती म्हणाली, “लिव त्यांना, आता उशीर लावू नका.”

काशीआजींना मी शनिवारी भेटले. भिकूचं पत्र आलं तर घ्याल का, एवढंच विचारलं. त्या बोंबील निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, “येऊ दे. वाचायला पैसं पडत नाय.” राग की आनंद, मला ओळखता आलं नाही. पत्र त्यांच्या नातीच्या नावे पाठवा, प्रांजली. बारावीला आहे, ती वाचून दाखवेल आणि त्या सांगतील ते लिहील.

पूनम

*

निवाचीवाडी
१० एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप काशीताई यांस,
सविनय नमस्कार.

आपण सुखरूप आहात हे समजून अत्यंत आनंद झाला. आपल्या मातोश्री कै. धोंडूबाई यांचे माझ्यावर अनंत उपकार आहेत. शालेय जीवनात माझ्या हातून एक अक्षम्य अपराध घडला. त्या वेळी मी अजाण बालक होतो. मातोश्रींच्या अंतःकरणास जी इजा पोचली, तिच्यासाठी मी आजन्म पश्चात्तापाने पोळत आलो आहे. त्यानंतर आपल्या कुटुंबाची वार्ता मला कळू शकली नाही, अन्यथा मी अवश्य आलो असतो.

आपली अनुज्ञा असल्यास भेटीस येऊ इच्छितो.

आपला कृपाभिलाषी,
बाळाराम

*

बंदरपाडा
२४ एप्रिल २०२५

(आजी बोलते तसंच्या तसं लिहिलंय. मी सुधारलं की ती ओरडते. – प्रांजली)

भिकू,

तुजा पत्र पोरीनी वाचून दावला. दोनदा. पयल्यांदा मना वाटला तलाठ्याचा कागद आयलाय. सविनय म्हन्जे काय, मी पोरीला इचारला. ती म्हनते हात जोरून. मंग हात जोर ना सरल. आनि तुजी ताई कवापासून झाली मी? ताई म्हन्तंस ते कुनाला, ते मना नाय कलला.

तू लिवतंस बयला इजा झाली. कुनी सांगला तुना? तू दारान बगत व्हतास कविता म्हनत, का बयच्या पोटान शिरला व्हतास? त्या दिशी बय एकली नव्हती. मी व्हते. शालंच्या भायेर चिंचंखाली उभी व्हते. सतरा वरसांची. मना बय म्हनाली, तू नको येऊ आत, दोगी बगून पोर बावरंल. ती भायेर आयली तं हसत व्हती. खरा सांगते. म्हनाली, “काशे, मास्तरावानी बोलतंय. मना वलखला नाय. आता त्याला न्यायाला कोन आयला, तरी म्हनंल ह्यो त्यो नव्हंच. वाचला माजा पोर.” तुज्या आयेनी तिला तसाच सांगला व्हता, भूल पारायची म्हनून. तिला वाटला भूल पुरी परली. रस्ताभर हसत आयली. खाडीवर आयली तवा गप झाली. पन रडली नाय.

बय हसली म्हनून तू सुटलास असा समजू नको. मी नाय हसले.

मी तुज्यासाठी पानान सोडे बांधून नेले व्हते. सुकी कोलंबी, तुना आवरायची. चार दिस चालून आयलो आमी. ती पुरी मी वाटंवर खाल्ली, तुना नाय ठेवली येक पन. मीठ जास्ती झालता, तरी खाल्ली.

आता दुसरा. तू लिवतंस वार्ता नाय कलली. भिकू, तू मास्तर झालास तवा आमाला कलला व्हता. बाजारान कलतंय सगला. बय आजारी परली तवा मी तुना सांगावा धारला. मानगावच्या बाजारान सुका इकायला जाते ती चंपा, तिच्या तोंडी. चंपा तुज्या शालंवर आयली, तुना भेटली, तू तिला पानी पाजलास, खुर्ची दिलीस. हा, येतो म्हनालास. बय आट दिस दरवाज्याकरं तोंड करून निजली. नवव्या दिशी ती गेली, तवा मी तिचा तोंड फिरवला.

तवा तू ल्हान व्हतास का?

पत्रान तू खोटा लिवलास ते सुद्द भाषेन लिवलास. सुद्द भाषेन खोटा चांगला दिसतंय. म्हनून इचारला. येयाचा तं ये. मी दारान हाय. पन गुरुजी होऊन येनार असलास तं येसटीचा पैसा वाया घालवू नको.

काशी

*

निवाचीवाडी
२९ एप्रिल २०२५

काशी,

चंपा भेटली होती. तिने सांगितलं होतं. त्या आठवड्यात तपासणी नव्हती, परीक्षा नव्हती, काहीच नव्हतं. मी एकदा एसटीच्या थांब्यापर्यंत आलो आणि परत गेलो. तिथे आल्यावर कोणत्या बोलीत रडायचं, ते मला कळेना.

सोमवारी निघतो.

भिकू

*

बंदरपाडा
९ मे २०२५

पूनमताई,

मेसेज केला असता, पण आजोबा म्हणाले पत्राला पत्रच लिहायचं. म्हणून लिहितेय. चुका काढू नका, एक जण इथे बसलाय काढायला.

ते सोमवारी दुपारी आले. आम्ही वाट बघत नव्हतो असं दाखवायचं ठरलं होतं. आजी अंगणात वलांडीखाली बसलेली, तिच्या काठ्यांवर सुकत टाकलेले बोंबील खाली काढत. ते आले, पांढरा सदरा, छत्री, पिशवी. मुलगा सोडायला आला होता, सुजितकाका, तो लांब गाडीपाशीच थांबला. आजोबांनी खिशातून कागद काढला. लिहून आणलं होतं काय बोलायचं ते. चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या, आणि आजी म्हणाली, “आवाज नाय येत, जवल ये.” आले, तर म्हणाली, “तो कागद दे.” आणि घेऊन बोंबील ठेवले त्याच्यावर.

मग अर्धा तास आजी बोंबील निवडत राहिली, आजोबा छत्रीची मूठ फिरवत. ताई, शप्पथ, मला इतकं ऑकवर्ड झालं की मी आत जाऊन चहा टाकला. शेजारची काकू येऊन विचारून गेली, कोण पाहुणे? आजी म्हणाली, “बगतेस ना, बसलाय.” तेवढंच.

मी चहा आणला. आजोबांनी बशीत ओतला, आणि आजी एकदम म्हणाली, “अजून सांडतंय. नारली पुनवंला पन तूच सांडलास.”

आजोबा म्हणाले, “मी नाही सांडलं.”

“मंग नारल कुनी फोडला?”

“तू फोडलास.”

झालं. सुरू. मला कळलं ते असं की नारळी पौर्णिमेला दर्यात सोडायचा नारळ एका वर्षी दोघांनी होडीमागे लपून फोडला आणि खाल्ला. बयला कळलं. मार बसला. पण कुणी फोडला आणि कुणी सांगितलं, यावरून भांडण. एकाहत्तर वर्षांपूर्वीचं भांडण, ताई. आजोबा सुरुवातीला ‘असे नव्हे, तसे नव्हे’ करत होते. आजीचा आवाज वाढत गेला. मग मला कळलंच नाही कधी, त्यांचं ‘नाही’चं ‘नाय’ झालं, ‘मला’चं ‘मना’ झालं. चष्मा काढला. उभे राहिले. आजीच्या तोंडासमोर बोट नाचवून बोलायला लागले. सुजितकाका गाडीपासून धावत आला, त्याला वाटलं वडिलांना झटका आला. आला आणि दारात उभाच राहिला, कारण त्याच्या वडिलांच्या तोंडून काय निघतंय ते त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मला म्हणाला, “काय बोलतात ते?” मी म्हटलं, “काका, मलाच निम्मं कळत नाही.”

खरंच नाही कळलं. मी इथलीच ना, इथेच वाढलेली. पण ते जे बोलत होते ना, तसं आता पाड्यात कुणीच बोलत नाही. माझी आई पण म्हणाली, असले शब्द तिच्या आजीच्या तोंडात होते. एक शब्द मी विचारला तर आजी म्हणाली, “तुना काय करायचाय, आमी बोलतोय.” दोघेच उरलेत बोलायला, तर तेही भांडायला वापरतायत.

मग मध्येच आजोबा रडले. बसले खाली आणि बयचं नाव घेऊन काहीतरी बोलले, तेही मला कळलं नाही. आजीने ऐकून घेतलं. जवळ नाही घेतलं, की पाठीवर हातही नाही ठेवला. बोंबील निवडत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “बास. आता सांग, बयला कुनी सांगला व्हता?” आणि परत सुरू.

सुजितकाका एकटाच परत गेला. कपडे पाठवतो म्हणाला.

आज पाचवा दिवस. मी आजीला म्हटलं, पूनमताईंना कळवते, त्या मशीन घेऊन येतील, हे सगळं रेकॉर्ड करतील, पुस्तकात घालतील. आजोबांना आवडलं वाटतं. आजी म्हणाली, “अजून मी त्याला काय सोरला नाय. भांडान मिटू दे, तवर कुनाला बोलवू नको.”

तेव्हा ताई, तुम्ही सध्या येऊ नका. मिटण्याची काही चिन्हं नाहीत.

तुमची
प्रांजली